मोस्टाचा घुमट

भूमध्य समुद्रातील माल्टा हा अवघ्या ३१६ चौरस किलोमीटरचा देश. त्याच्या साधारण मध्यावर मोस्टा नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या चर्चचा आकार विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्यांच्या चटकन ध्यानात येईल, कारण दोन्ही घुमटांचा आतला व्यास जवळपास सारखा, सुमारे ३७ मीटर आहे. विजापूरच्या घुमटामागे आदिलशाहीचा खजिना होता. मोस्टाचा घुमट मात्र एका खेडेगावाने आपल्या धर्मग्रामासाठी उभारला.

मोस्टा हा स्वतंत्र धर्मग्राम झाला १६०८ मध्ये. त्यानंतर थोड्याच वर्षांत तोम्माझो डिंग्ली या माल्टी वास्तुशिल्पीने तिथे चर्च बांधले आणि दोनशे वर्षे ते पुरले. एकोणिसाव्या शतकात वस्ती वाढली आणि रविवारच्या मिस्सेला जागा अपुरी पडू लागली. धर्मगुरू फेलीचे कालेया यांनी नव्या चर्चसाठी पैसा जमवायला सुरुवात केली. आराखडा दिला जॉर्जिओ ग्रोन्ये दे व्हासे यांनी.

हा माणूस विलक्षण होता. नेपोलियनच्या सैन्यात त्याने अभियंता म्हणून काम केले होते, पण वास्तुकलेचे रीतसर शिक्षण त्याने कुठेच घेतले नव्हते. समुद्रात बुडालेल्या दंतकथेतील अटलांटिस खंडाचा उरलेला तुकडा म्हणजे माल्टा, अशी त्याची ठाम समजूत होती. अशा माणसाने रोममधल्या पँथिऑनच्या धर्तीवर गोल चर्च सुचवले. पुढे स्तंभांचा भव्य द्वारमंडप, त्याच्या दोन्ही बाजूंना घंटेचे मनोरे आणि मागे प्रचंड घुमट, असा तो आराखडा होता.

बिशप फ्रान्चेस्को साव्हेरिओ कारुआना यांना तो मुळीच रुचला नाही. पँथिऑन हे मूळचे रोमन देवतांचे मंदिर. ख्रिस्ती उपासनेसाठी त्याची नक्कल कशाला, असा त्यांचा आक्षेप होता. मला त्यांचा आक्षेप पटत नाही. पँथिऑनचे चर्च होऊन तेव्हा बाराशे वर्षे उलटली होती, म्हणजे गोल घुमटाखाली मिस्सा होणे रोमला नवे नव्हते. अखेर विरोध मागे पडला आणि ३० मे १८३३ रोजी बांधकामाला आरंभ झाला.

यापुढची हकिगत मला सगळ्यात मोलाची वाटते. गावाने जुने चर्च पाडले नाही. ते जिथे होते तिथेच ठेवले आणि त्याच्याभोवती नव्या चर्चची गोल भिंत रचायला घेतली. बाहेर दगड चढत होते आणि आत बाप्तिस्मे, लग्ने, अंत्यविधी चालू होते. असे जवळपास २७ वर्षे चालले. रविवारी आणि सणाच्या दिवशी गावकरी स्वतः येऊन विनामोबदला राबत. ज्या मुलाचा बाप्तिस्मा पायाभरणीच्या वर्षी झाला, तो घुमट पुरा होईपर्यंत स्वतः मुलाबाळांचा बाप झाला असेल.

माल्टात जंगले नाहीत, त्यामुळे इमारती लाकूड बाहेरून आणावे लागे. दगड मात्र मुबलक. तिथला पिवळसर चुनखडक इतका मऊ असतो, की तो करवतीने कापता येतो. एवढ्या घुमटाला खालून लाकडी आधार द्यायचा तर लाकडाचे अख्खे रान लागले असते. प्रमुख गवंडी आंजेलो गॅट यांनी तो आधाराशिवायच चढवला. यामागचे तत्त्व असे: साधी कमान माथ्यावरचा दगड बसेपर्यंत उभी राहू शकत नाही. घुमट मात्र एकावर एक अशा आडव्या कड्यांनी रचला जातो. एक कडे पुरे झाले, की त्यातले दगड एकमेकांना दाबून धरतात आणि आत कोसळू शकत नाहीत. त्या कड्यावर पुढचे, थोडे लहान कडे बसते. घुमटाचे वजन भिंतींना बाहेर रेटत असते. तो रेटा पेलण्यासाठी इथली भिंत सुमारे नऊ मीटर जाड ठेवलेली आहे.

१८६० मध्ये घुमट पुरा झाला, मग आतले जुने चर्च उतरवून दारातून बाहेर काढले गेले. १५ ऑक्टोबर १८७१ रोजी नव्या चर्चचे समर्पण झाले. आतून घुमटावर निळ्या, पांढऱ्या आणि सोनेरी रंगांच्या चौकटी आहेत. वर जाताना त्या लहान लहान होत जातात, त्यामुळे नजर आपोआप शिखराकडे ओढली जाते. भिंतींवरची चित्रे जुझेप्पे काली या नामवंत माल्टी चित्रकाराची आहेत.

दुसऱ्या महायुद्धात माल्टा ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि मोस्टाच्या अगदी जवळ ता काली हा लष्करी विमानतळ होता. एप्रिल १९४२ मध्ये बेटावर अतोनात बॉम्बवर्षाव झाला. ९ एप्रिलला, ईस्टरनंतरच्या गुरुवारी, संध्याकाळच्या मिस्सेसाठी अडीचशेहून अधिक माणसे चर्चमध्ये जमली होती. पाच वाजायच्या सुमारास एक जर्मन बॉम्ब घुमट फोडून थेट त्यांच्यामध्ये येऊन पडला. तो फुटला नाही. आणखी दोन बॉम्ब घुमटावर आदळून बाहेर घरंगळले, तेही फुटले नाहीत. चर्चमधला एकही जीव गेला नाही. ब्रिटिश पथकाने आतला बॉम्ब निकामी करून समुद्रात टाकला. गावाने याला चमत्कार मानले आणि आजही मानते. अडीचशे माणसे त्या दारातून चालत घरी परतली असताना त्यांच्याशी वाद घालायला मी धजणार नाही.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज मोडक्या अवस्थेत इंधन घेऊन माल्टाच्या बंदरात पोहोचले आणि शत्रूच्या वेढ्यामुळे उपासमारीच्या उंबरठ्यावर आलेले बेट तगले. मोस्टाचे चर्च याच सणाच्या नावाने ओळखले जाते. त्यामुळे १५ ऑगस्टला तिथे दुहेरी आनंद असतो.

२०१८ मध्ये या चर्चला बॅसिलिकाचा मान मिळाला, तरी ते आजही गावाचेच चर्च आहे. बॉम्बची प्रतिकृती बाजूच्या खोलीत ठेवली आहे आणि बहुतेक पर्यटक तेवढीच पाहून निघतात. तुम्ही गेलात तर प्रतिकृती नंतर पाहा. आधी दारातून आत जाताना भिंतीची जाडी पाहा, कारण ती गावाने सत्तावीस वर्षे स्वतःच्या हातांनी रचली आहे.