वाक्याचा साचा कानातून येतो

गैरसमज: दुसऱ्याचं बोलणं ऐकून आपण फार तर शब्द उचलतो, वाक्याची रचना मात्र स्वतःची असते.

वस्तुस्थिती: रचनाही उचलली जाते. लेव्हेल्ट आणि केल्टर या संशोधकांनी नेदरलँड्समधल्या दुकानदारांना फोन करून दुकान किती वाजता बंद होतं, एवढंच विचारलं. डच भाषेत वेळेआधी ‘ओम’ हे छोटं अव्यय लावलं काय, न लावलं काय, अर्थ तोच राहतो; आपल्याकडे ‘आठला’ आणि ‘आठ वाजता’ दोन्ही चालतं, तसं. प्रश्नात ‘ओम’ असला की उत्तरातही तो जास्त वेळा येई. हे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले.

गैरसमज: ही निव्वळ शब्दांची नक्कल आहे.

वस्तुस्थिती: १९८६ मध्ये कॅथरिन बॉक यांनी ही शंका दूर केली. स्मरणशक्तीची चाचणी आहे असं भासवून त्यांनी लोकांकडून इंग्रजी वाक्यं म्हणवून घेतली आणि मध्येच चित्रं दाखवून त्यांचं वर्णन करायला सांगितलं. वाक्याच्या विषयाचा चित्राशी काही संबंध नव्हता. तरीही कर्मणी वाक्य म्हटल्यावर चित्राचं वर्णन कर्मणी प्रयोगात करण्याचं प्रमाण वाढलं. ही सक्ती नव्हे, कल आहे. क्रियापद तेच असेल तर तो कल आणखी वाढतो, हे पुढच्या प्रयोगांत दिसलं. वाक्य स्वतः न उच्चारता नुसतं ऐकलं तरी परिणाम होतो, हेही २००७ मध्ये स्पष्ट झालं.

गैरसमज: वाक्य आठवत असेल तरच त्याचा परिणाम होतो.

वस्तुस्थिती: मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. स्मृतिलोप झालेल्या रुग्णांना आधीचं वाक्य नीट ओळखता येत नव्हतं, तरी त्याची रचना त्यांच्या बोलण्यात उतरत होती. म्हणजे साचा आणि आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय साचा एका भाषेपुरताही राहत नाही: स्पॅनिश वाक्य ऐकल्यावर त्याची रचना पुढच्या इंग्रजी वाक्यात येते, असंही द्वैभाषिकांमध्ये आढळलं आहे.

गैरसमज: लहान मुलांशी नेहमी छोट्या, सोप्या वाक्यांतच बोलावं.

वस्तुस्थिती: कर्मणी वाक्यं पेरलेल्या गोष्टी ऐकलेली चार वर्षांची इंग्रजीभाषक मुलं पुढे तशी वाक्यं अधिक वापरू लागली, ती त्यांना समजूही अधिक लागली. म्हणून गोष्ट सांगताना ‘जो-तो’, ‘जरी-तरी’ची वाक्यं मोडू नका, मुलांना ती पूर्ण ऐकू द्या.