शेतातली मिलिटरीची गाडी: पाना उचलण्याआधी वही उघडा

गोठ्यामागे आजोबांनी लिलावात घेतलेली मिलिटरीची निस्सान वन टन उभी आहे. एकेकाळी तिनं खत वाहिलं, ऊस वाहिला. आता घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो भंगारात घाला, दुसरा म्हणतो नीट करू आणि लग्नाच्या शूटिंगला भाड्यानं देऊ. तुमच्याकडे असं काही असेल तर आधी एवढं वाचा.

जबलपूरला लष्करासाठी बनलेली ही गाडी. जोंगात असतं तेच जवळपास 4 लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन हिच्यातही असतं. म्हणून पार्ट शोधताना जोंगावाल्यांना आधी गाठा.

1) कागद: लिलावाची पावती आणि आरसी काढा, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर जुळवा. पेट्रोल परवडेना म्हणून अशा कित्येक गाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसवलं गेलं. तुमच्या गाडीतलं इंजिन आरसीवर चढलंय का? नसेल तर एक रुपयाही खर्चू नका.

2) विंटेज नोंदणी: 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांहून जुन्या वाहनाला वेगळी नोंदणी मिळते. फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण ही सोय खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकीसाठी आहे. इंजिन, चेसिस, बॉडीत मोठा बदल चालत नाही, आणि धंद्यासाठी गाडी वापरता येत नाही. म्हणजे या नंबरवर भाड्याचा प्लॅन बसतच नाही! मालवाहू गाडी यात धरतात का, हे आरटीओला लेखी विचारा.

3) रंग: सगळ्यांना मिलिटरीचा हिरवाच हवा असतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. पेंटरला ॲडव्हान्स देण्याआधी हे लक्षात ठेवा.

4) कामाचा क्रम: वर्षानुवर्षं उभं असलेलं इंजिन थेट सेल्फ मारून चालू करू नका. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा, मग हातानं फिरवून बघा. पुढे चेसिस, ब्रेक, इंजिन, वायरिंग आणि शेवटी रंग. बरेच जण रंगापासून सुरुवात करतात आणि चकचकीत गाडी पुन्हा गोठ्यामागेच उभी राहते.

आता हिशोब. समजा, तुम्ही 4 लाख ठेवलेत. त्यातले 1 लाख बाजूलाच राहू द्या, कारण गाडी खोलल्यावर नवी कामं निघतातच. उरलेले 3 लाख टप्प्यांत वाटा. एखाद्या टप्प्याची मर्यादा ओलांडली की काम थांबवा आणि घरच्यांबरोबर बसून ठरवा. आजोबांच्या आठवणीला किंमत नाही, हे खरंच. पण त्यासाठी दुकानाचं भांडवल मोडू नका, शेत तारण ठेवू नका. हौस बचतीतून करा.

आणि धंदाच करायचा असेल तर? मग भाडं विसरा, हे काम शिका. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, पार्ट कुठे आणि किती रुपयांना मिळाला ते लिहा, मजुरीचे तास मांडा. दुसऱ्याची जुनी गाडी हातात येईल, तेव्हा हीच वही बघून तुम्ही छातीठोक कोटेशन द्याल.