पायाखालचं जॅरा

निलगिरी म्हटलं की आपल्याला सर्दीवरचं तेल आठवतं, नाहीतर बांधावरची सरळसोट झाडं. तिच्या लाकडाचं टेबल करू म्हटलं, तर सुतार बहुधा सागाकडे बोट दाखवेल. शेतातली कोवळी निलगिरी वाळताना चिरते, पीळ खाते, ही त्याची तक्रार खोटी नाही. पण या कुळात सातशेहून अधिक जाती आहेत, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं जॅरा त्यातलं अस्सल इमारती लाकूड.

वाळलेलं जॅरा घनमीटरला साधारण ८२० किलो भरतं. साग ६५०च्या आसपास. रंग गुलाबी-लाल, उजेडात राहून गडद तपकिरी होणारा. गाभ्याचं लाकूड वाळवी सहजासहजी खात नाही. त्याच मुलखातलं कॅरी दिसायला इतकं सारखं, की जुने जाणकार गाभ्याची काडीएवढी ढलपी पेटवून पाहत: काळा कोळसा उरला तर जॅरा, पांढरी राख झाली तर कॅरी. ही परीक्षा चुकली तर महागात पडे, कारण कॅरी ताकदीचं असलं तरी वाळवीपुढे टिकत नाही.

हत्यारांची मात्र जॅरा कसोटी बघतं. रेषा उलटसुलट गेलेली असली, की रंधा मारताना तुकडे उपटून येतात. पातं धारदार हवं आणि काप अगदी पातळ. स्क्रू बसवायचा तर आधी भोक पाडलेलं बरं. मध्येच डिंकाची शीर लागते, ती वेगळीच.

एवढं देखणं लाकूड एकोणिसाव्या शतकात गेलं कुठं? रेल्वेच्या स्लीपरांत, धक्क्यांत आणि चक्क लंडनच्या रस्त्यांवर, घोड्यांच्या टापांखाली ठोकळे म्हणून! जॅराच्याच मुलखातल्या बसलटन गावचा १८६५ साली सुरू झालेला धक्का वाढत वाढत १,८४१ मीटर लांब झाला, तोही अशाच लाकडांवर.

२०२४पासून पश्चिम ऑस्ट्रेलियात नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड बंद आहे. त्यामुळे मोडलेल्या घरांचे वासे आणि जुने स्लीपर यांना भाव आला. त्यांत खिळ्यांच्या भोकांभोवती काळी कडी दिसतात. लाकडातलं टॅनिन, लोखंड आणि ओलावा यांची ती करामत. हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई व्हायची, तीच रीत. काही कारागीर हे डाग घासून काढत नाहीत. टेबलाच्या ऐन मध्यभागी येतील अशीच फळी लावतात.