शत्रूच्या डेकवर उडी : नागोठण्याच्या खाडीचा धडा

अवकाशयुद्धाच्या खेळाच्या पटावर ‘शत्रूच्या यानात सैनिक घुसवणे’ ही चाल असते. तिचे अस्सल डावपेच पेण-रोह्याच्या पाण्यात सापडतात.

● प्रसंग : १६७९ मध्ये शिवरायांनी खांदेरी बेट ताब्यात घेतले आणि इंग्रजांनी त्याला वेढा घातला. १८ ऑक्टोबरला मराठी सरदार दौलतखानाचे आरमार नांगरून पडलेल्या इंग्रज ताफ्यावर चालून आले. इंग्रजांची एक गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ हे इंग्रज जहाज मात्र तोफांच्या बळावर तगले. मराठी गलबते नागोठण्याच्या खाडीत परतली.

● गुराब : दोन-तीन डोलकाठ्या, १५० ते ३०० टन. नाळ (जहाजाचे पुढचे टोक) लांब, निमुळती आणि सखल. तीवरूनच शत्रूच्या जहाजावर उतरता येई. तोफा नाळेवरून समोर मारा करीत.

● गलबत : बहुधा ७० टनांच्या आत, ४०-५० वल्ही. वारा पडला की हीच गलबते गुराबांना ओढून नेत.

● चढाईचा क्रम : पिछाडी गाठायची, डोलकाठ्या-शिडे निकामी करायची, मग चहूबाजूंनी माणसे चढवायची. १७३५ मध्ये आंग्र्यांनी ‘डर्बी’ हे इंग्रज जहाज जिंकले, तेही डोलकाठ्या पाडूनच.

● पटासाठी नियम : शत्रूयानाचे इंजिन बंद पडल्याशिवाय चढाई नको. जवळ येताना तोफांचा मारा सोसावाच लागावा. उतरलेले सैनिक आपल्या यानावरून वजा व्हावेत. माघारीसाठी एखादी ‘खाडी’ही हवीच, नागोठण्याच्या खाडीमुळेच दौलतखानाचे आरमार पुन्हा लढायला शिल्लक राहिले.