गच्चीवरची रेडिओ दुर्बीण

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिवसाढवळ्या टीव्हीचं चित्र काही मिनिटं फुटतं आणि आपोआप सावरतं. त्या दिवसांत सूर्य नेमका उपग्रहाच्या मागून सरकतो. उपग्रहाच्या संदेशात सूर्याचा रेडिओ गोंगाट मिसळला की चित्र हरवतं. म्हणजे मुंबईतल्या गोवंडीच्या गच्च्यांवरच्या तबकड्या सूर्य टिपतातच. तो मोजायचं तेवढं आपल्या हाती आहे.

धूर आणि दिव्यांमुळे इथल्या मुलांना तारे फारसे दिसत नाहीत. रेडिओ लहरींना धुराची अडचण नाही. एक स्टेशन पुढे, मानखुर्दला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. याच संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये तरुण सहकाऱ्यांसह कल्याणजवळ १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या उभारून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचा अभ्यास केला. तबकड्या ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या, भेट मिळालेल्या. उटीची दुर्बीण आणि खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या ही त्याच कामाची पुढची वाट. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात डीटीएचच्या तबकडीपासून स्वस्त छोटी दुर्बीणही तयार झाली आहे. शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी हीच सर्वांत योग्य, असं मला वाटतं.

जोडणी अवघड नाही. ६० सेंटिमीटरची तबकडी, तिच्यापुढचा लहरी टिपणारा एलएनबी, तंत्रज्ञ संदेशाची ताकद पाहायला वापरतात तो काटेवाला सॅट-फाइंडर आणि १३ ते १८ व्होल्टचा पुरवठा. एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी: ही तबकडी जिकडे तोंड करून दिसते, त्याच्या बरीच वर तिची नजर असते. डोळ्यांनी सूर्याकडे पाहून नेम धरू नये. एलएनबीची सावली पाहावी.

खरं शिक्षण चाचणीत आहे. काटा हलला, पण कशामुळे? आधी तबकडी उत्तरेच्या मोकळ्या आकाशाकडे रोखा, मग भिंतीकडे. भिंत सुमारे ३०० केल्व्हिनची. तीही रेडिओ लहरी सोडते, म्हणून काटा चढतो. एलएनबीसमोर तळहात धरला तरी चढतो. दोन नोंदींच्या मध्ये सॅट-फाइंडरच्या बटणाला हात लावायचा नाही, नाहीतर तुलनाच संपली. एलएनबी १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी १ ते २ गिगाहर्ट्झवर उतरवतो. मोबाइलही त्याच पट्ट्यात बोलतो. फोन केबलजवळ आणून काटा पाहा, मग सगळे फोन खाली ठेवून या.

आता तबकडी सूर्याच्या किंचित पश्चिमेला रोखून घट्ट बांधा. दर अर्ध्या मिनिटाला नोंद घ्या. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते आणि या तबकडीची नजर साधारण ३ अंश रुंद. त्यामुळे आलेखावर सुमारे १२ मिनिटं रुंदीचा उंचवटा यायला हवा. उपग्रह लागला असेल तर काटा वर चढून तिथंच राहील. तबकडी न हलवता दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास उंचवटा पुन्हा आला, तर तो सूर्य.

रेडिओ अभियंता कार्ल जान्स्की याने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला असंच घड्याळ तपासलं. त्याला मिळालेली रेडिओ खरखर २३ तास ५६ मिनिटांनी परत येत होती. हा ताऱ्यांचा दिवस, सूर्याचा नव्हे. म्हणून तिचा उगम आकाशगंगेत असल्याचं कळलं. ती खरखर या तबकडीला पकडता येणार नाही. आकाशगंगेची दुसरी खूण टिपायची तर पुढच्या कार्यशाळेत पुठ्ठा आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा कर्ण्यासारखा अँटेना करावा लागेल, १४२० मेगाहर्ट्झवरच्या हायड्रोजनसाठी.