न दुखणारा चट्टा आधी दाखवा

कोरोनाच्या साथीत त्वचेच्या उपचारांची मागणी एकदम खाली आली. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि शहरांतले त्वचारोगतज्ज्ञांचे दवाखाने ओस पडले. पुढे बंधने सैल झाली. घरून काम करणारे लोक दिवसभर संगणकाच्या पडद्यावर स्वतःचाच चेहरा पाहू लागले. मास्कमुळे गालावर पुरळ उठू लागले. मग डाग, सुरकुत्या घालवण्याचे उपचार पुन्हा जोरात सुरू झाले. ज्याला आरशात खोट दिसते, तो आपणहून डॉक्टर गाठतो.

खेड्यापाड्यांत मात्र तसे होत नाही. अंगावर चट्टा उठला तर माणूस म्हणतो, "दुखत नाही, खाजत नाही, मग मजुरी बुडवून कशाला दाखवायचं?" तो चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो.

देशात २०१९-२० मध्ये कुष्ठरोगाचे १,१४,४५१ नवे रुग्ण सापडले होते. २०२०-२१ मध्ये ते ६५,१४७ वर आले. रोग कमी झाला म्हणावे, तर २०२२-२३ मध्ये आकडा पुन्हा १,०३,८१९ झाला. म्हणजे साथीच्या वर्षात रोग होता, पण तपासणी थांबली होती. आरोग्य कर्मचारी कोरोनाच्या कामाला जुंपलेले, एसटी बंद आणि दवाखान्यात जायची लोकांना धास्ती.

कपाशीचे बोंड वरून चांगले दिसते आणि आत गुलाबी बोंडअळी असते, तशी ही गत आहे. बोंड फोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर तपासून घ्यावे. हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तरी दाखवावे. उशीर झाला तर नसा निकामी होतात. मग विळा लागला, चूल भाजली तरी कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे वाकडी होतात. ज्या हातांवर शेती चालते ते हातच जातात.

औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होत नाही. त्यामुळे त्याला वाळीत टाकण्याचे कारणच नाही.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना विनंती आहे. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. ती गावी परतली की आशाताईंकडून त्यांची तपासणी करून घ्या. बायाबापड्या लाजून पाठीवरचा डाग दाखवत नाहीत, तिथे आशाताईच उपयोगी पडतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आठवड्यातून एकदा घरातल्यांनी एकमेकांची पाठ पाहावी. बधिर चट्टा आढळला तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा पिंपळनेरचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. दुखायची वाट पाहू नये.