फी, सुट्टी आणि रियाज

छत्रपती संभाजीनगरात सिडको, गारखेडा, उस्मानपुरा या भागांत संध्याकाळी घरातल्याच एका खोलीत सतरंजी अंथरून गाण्याचे, हार्मोनियमचे, तबल्याचे क्लास भरतात. शिकवणाऱ्या ताई किंवा सर अनेकदा स्वतः विशारद झालेले असतात. पं. नाथराव नेरळकरांसारख्या गुरूंनी मराठवाड्यात शास्त्रीय संगीत रुजवण्यासाठी आयुष्य वेचले, त्या कामाचा भार आज या छोट्या क्लासांवर आहे. त्यांच्याकडे विद्या असते, चिकाटी असते. पण फी कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, बुडालेला तास भरून मिळणार का, परीक्षेला बसवायचे की नाही हे कोणी ठरवायचे, याबद्दल शिक्षक आणि पालक एकमेकांशी नीट बोलत नाहीत. दोन्हीकडे संकोच साचतो आणि एके दिवशी मूल यायचे बंद होते. खासगी संगीत शिक्षकाने या गोष्टी प्रवेशाच्या दिवशीच स्पष्ट, आणि शक्यतो लेखी, सांगाव्यात असे माझे ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गुरू-शिष्याच्या नात्यात असला हिशेब आला की विद्येचा बाजार होतो. आक्षेपामागची तळमळ खरी आहे, पण तो ज्या नात्याच्या आठवणीवर उभा आहे ते नाते आता तसे राहिलेले नाही. शिष्य गुरूच्या घरी राहत होता तेव्हा सांगण्यासारखे वेगळे काही उरतच नसे. पहाटेचा खर्ज लागला की नाही ते गुरूला शेजारच्या खोलीत ऐकू येई. आज मूल आठवड्यातून दोन-तीन तास भेटते, आणि पैसे देणारे आईवडील त्या तासाला बहुधा नसतात. वडील वाळूजच्या कंपनीत शिफ्टला, आई नोकरीवर किंवा घरकामात. जे पूर्वी सहवासाने कळायचे, ते आता सांगावेच लागते. शिवाय जुन्या परंपरेतही सगळे मोघम नव्हते. शिष्याला धागा बांधण्याचा गंडाबंधन विधी चारचौघांच्या साक्षीने होई, दक्षिणा दिली जाई, आणि कोण कोणाचा शिष्य हे जाहीर होई.

आणि नियम लिहिले की विद्येचा बाजार होतो, तर गायक-गुरू विष्णू दिगंबर पलुस्करांचे काय? त्यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा राजाश्रयावर अवलंबून असलेली आणि घराण्यांच्या बंद दारांआड राहिलेली विद्या सामान्य घरातल्या मुलामुलींसमोर आणली. त्यासाठी ठरलेला अभ्यासक्रम लागला, छापील पुस्तके लागली, स्वरलेखन लागले, वर्गाची शिस्त लागली. एखादी बंदिश शिष्याला कधी मिळेल हे उस्तादाच्या मर्जीवर असण्याच्या काळात, काय शिकवणार ते आधी लिहून ठेवणे हे मोठे धाडस होते. 1931 मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या ज्या परीक्षा आज गावोगावची मुले देतात, त्या याच मंडळाच्या. पलुस्करांच्या साधुवृत्तीबद्दल कोणाला शंका नाही. नियम लिहिल्याने त्यांची विद्या बाजारात गेली नाही, घरोघरी गेली.

परीक्षांचेच उदाहरण घ्या. त्या वर्षातून दोन सत्रांत होतात आणि फॉर्म बरेच आधी भरावे लागतात. शास्त्रीय गायन-वादनाच्या मान्यताप्राप्त परीक्षा ठरावीक टप्प्यापर्यंत उत्तीर्ण झालेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, पण त्यासाठी शाळेमार्फत मुदतीत प्रस्ताव जावा लागतो. हे पालकाला आठवीत कळले तर उपयोग. दहावीच्या जानेवारीत कळले तर फक्त मनस्ताप. दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. गुणांच्या घाईत तयारी नसलेल्या मुलाला मध्यमा परीक्षेला बसवायचे नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ते प्रवेशाच्या वेळीच सांगावे, म्हणजे पुढे ‘तुम्ही मुद्दाम मागे ठेवलेत’ हा आरोप होत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती प्रगतीची खबर. ‘छान चाललंय’ या उत्तराने पालकाच्या हाती काही लागत नाही, आणि तीन महिने सारेगमच चालू आहे अशी त्याची कुरकूर सुरू होते. त्याऐवजी महिन्यातून एकदा असा निरोप जावा: ‘गायत्रीचा षड्ज आता स्थिर लागतो. भूपाचा आरोह चांगला होतो, अवरोहात मात्र ती घाई करते आणि समेवर आधीच येते. रोज पंधरा मिनिटे तानपुऱ्याच्या ॲपवर सावकाश पलटे म्हणून घ्या.’ चार वाक्ये; पण घरी काय ऐकायचे हे आईला कळते आणि रियाजाला घरातला एक माणूस मिळतो. हा निरोप त्या घरापुरता असावा. सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलाची चूक किंवा थकलेली फी लिहिणे हा त्या मुलाचा अपमान आहे, आणि पालकांना न विचारता त्याचा व्हिडिओ टाकणेही गैरच.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. आपल्याकडे माणसे नात्यावर चालतात, नियमांचा कागद पुढे केला की दुखावतात. कोरडा कागद दुखावतो हे मान्य. म्हणून तो बोलून, समजावून हातात द्यावा, आणि सवलतही त्यातच लिहावी: अडचण असेल तर सांगा, फीसाठी कोणाचे शिक्षण थांबणार नाही. लिहिलेले नसते तेव्हा सवलत मागणाऱ्याला हात पसरावा लागतो आणि भिडस्त शिक्षक महिनोन्‌महिने मनातल्या मनात कुढत राहतो. कुढणारा शिक्षक मन लावून शिकवू शकत नाही. शिवाय फी हा अनेक घरगुती क्लास चालवणाऱ्या बायकांच्या संसारातला खरा पैसा आहे. ती मागण्यात कमीपणा कसला?

तेव्हा शिक्षकांना विनंती, पुढच्या नव्या विद्यार्थ्याआधी एक पान लिहून ठेवा: फी, सुट्ट्या, बुडालेले तास, परीक्षा, निरोपाची वेळ. आणि पालकांनो, ते पान मिळाले नाही तर संकोच न करता मागून घ्या.